मडमेचे प्रश्न

आमच्या कोगनोळीत बाळंतीण गप्प झाली की आधी लिंबू उतरून टाकतात. मीही टाकलं. एक नाही, चार. पण सून ब्राह्मी दिवसेंदिवस जास्तच खंगत चालली. तिला जेवण जाईना, झोप लागेना, नुसती भिंतीकडे तोंड करून बसायची. मग एके दिवशी तान्ही पोर घसा बसेपर्यंत रडली आणि ही हातभर अंतरावर असून उठली नाही. त्याच दिवशी मी मुलाला, पारिसाला म्हटलं, "गाडी जुप. निपाणीच्या दवाखान्यातल्या गोऱ्या मडमेकडं जाऊ."

"आई, तिनं वेडी म्हणून लिवलं तर? हिला धाडतील वेड्यांच्या दवाखान्यात. मग पोरीचं काय?"

भीती मलाही होतीच. उगाच का महिना घालवला होता!

मडम डॉक्टरणीनं पारिसाला बाहेर बसवलं. तिचं मराठी मोडकं, पण आवाज मऊ होता.

"आज वार कोणता?"

"बुधवार."

"बाळ किती दिवसांचं?"

"शेचाळीस."

"नवऱ्याचं नाव?"

ब्राह्मीनं मान खाली घातली. मडमेनं पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, आणि कागदावर लिहायला लागली. मी पटकन तिचा हात धरला.

"लिवू नगासा, बाईसाहेब! तिला ठावं हाय. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. तीस वर्सं झाली, मी बी घेतलं न्हाय. भाईर बसलाय त्यो, माझा ल्योक, पारिसा!"

मडम हसली. लिहिलेलं तिनं खोडलं. मग खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?"



"व्हय," ब्राह्मी म्हणाली.

माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं गिळून बसलेलं तोंडून निघूनच गेलं.

"मला बी वाटायचं. पारिसाच्या येळंला."

ब्राह्मीनं मान वर केली. कितीतरी दिवसांनी तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आत्ती, तुमी कुणाला सांगितलासा?"

"कुणी इचारलंच न्हाय गं."

मडमेनं कागद बाजूला ठेवला. "हे वेड नाही, आजार आहे. बरा होतो. पण हिला एकटी ठेवायचं नाही. काही दिवस इथेच राहू दे. बाळ पण, तुम्ही पण."

दुपारी खाटेवर पडल्या पडल्या ब्राह्मीनं माझा पदर धरला.

"आत्ती, तुमचं कवा बरं झालं?"

"लई वर्सं लागली," मी म्हटलं. "तुला न्हाय लागू द्यायची."