कडू झाड

निंबाने कातर मेंढीच्या पोटाखालून काढली आणि बायकोकडे न बघता म्हणाला,

"पाय नीट धर."

धुरपदाबाईने पाय धरलेच होते. पण सकाळी जंगलनाक्यावर जे झालं, त्यानंतर तिला बोलायला तोंड नव्हतं.

झालं होतं असं. दिवाळीच्या तोंडावर नवं राज्य झालं, कारभार हिंदीत गेला, चराईचे जुने पास रद्द झाले आणि एक हिंदी बोलणारा कारकून नव्या पासांसाठी नावं लिहायला टेकडीवर आला. निंबा त्या दिवशी मेंढ्या धुवायला नदीवर गेलेला. कारकुनाने घरधन्याचं नाव विचारलं. आता नवऱ्याचं नाव बाई घेणार कशी? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तीस वर्षं ती दारातल्या निंबाच्या झाडालासुद्धा 'कडू झाड' म्हणत आली होती. तिने त्या झाडाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ते, कडू." कारकुनाने लिहिलं, कडू.

आणि आज नाक्यावर चुडामण शिपायाने पास वाचून मेंढ्या अडवल्या.

"पास कडूचा आहे, तू निंबा. उद्या साहेब येतील. नाव तुझ्या बाईने लिहवलंय, तिनेच त्यांच्यासमोर खरं सांगितलं, तर दुरुस्त होईल."

नाक्यापलीकडचं डोईफोडियाचं रान बंद झालं तर चाळीस मेंढ्या खाणार काय? खाली नेपानगरच्या कारखान्यात विजेचे दिवे लागले होते. टेकडीवर ना वीज, ना शेत. होतं ते सगळं या मेंढ्यांच्या अंगावर.

"सांगशील?" कातर पुसत निंबाने विचारलं.

"सांगेन."

लोकरीची पाटी उचलताना तिने नाव पुटपुटून बघितलं आणि अर्ध्यावरच जीभ चावली. ते बघून त्याचा राग तिथल्या तिथे गेला. पण तोंडाने कबूल करेल तर तो निंबा कसला!

दुसऱ्या दिवशी साहेबाने विचारलं,

"बाई, इनका नाम?"

धुरपदाबाईने पदर दातात धरला. ओठ हलले, शब्द काही येईना.

निंबा पुढे झाला.

"कडूच, हुजूर. गाँववाले लाड से निंबा बोलते हैं."

साहेबाने चुडामणकडे बघितलं. चुडामण जरासा खोकला आणि त्याने फाटक उघडलं.

दुपारी निंबा पलीकडच्या उतारावर बसून थाळीच्या आवाजाची वाट बघत होता. रोज ती त्याला थाळी वाजवूनच जेवायला बोलवायची.

"कडूऽऽ" वरून हाक आली. "ओ कडू, भाकर निवते ना!"

साऱ्या रानाला ऐकू जाईल अशी हाक. तिचा एवढा मोकळा आवाज त्याने तीस वर्षांत ऐकला नव्हता. हे नाव थोडंच नवऱ्याचं होतं? घेतलं तरी दोष नाही.

निंबा उठला, आणि परत खाली बसला. अजून एकदा हाक येऊ दे, मग जाऊ.