इथे एकदाच विचारतात

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. शिसवी नाही, नक्षीची नाही, कुणा राजाची तर मुळीच नाही. लाल प्लास्टिकची, मांडवातली साधी खुर्ची. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने 'च' काढलेला आहे. तो माझ्या मालकांचा, चनमल्लप्पांचा. सोलापुरात त्यांचं मांडवाचं दुकान आहे. माझा मागचा एक पाय तडकलेला असून तो तारेने बांधला आहे. म्हणून माझ्यावर बसणाऱ्याने जरा पुढे सरकून बसावं, ही माझी पहिली विनंती. दुसरी शेवटी करीन.

माझा जन्म गरम साच्यातला. बहिणींच्या ढिगाबरोबर टेम्पोत बसून मी इकडे आले आणि उभी उमर लग्नांत गेली. माझ्यावर व्याही बसले, रुसलेले मामा बसले, झोपलेली पोरं आडवी झाली. नवी होते तेव्हा मला पहिल्या रांगेत मान होता. तिथून मी एक रीत पाहिली. पंगतीत हुग्गी वाढायला येते. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, वरून तुपाची धार. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो आणि म्हणतो, "साकु, साकु!" कानडीत साकु म्हणजे पुरे. पण वाढणारा काय पुरे करतो होय? "माझ्या हातचं थोडं," म्हणत तो पळीभर ओततोच आणि पाहुणा ती चाटूनपुसून खातो. आमच्या भागात पहिल्या 'नको'ला कुणी नकार समजत नाही. पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणारा माणूस हावरट ठरतो.

पुढे पाय तडकला आणि लग्नातली माझी शोभा संपली. चनमल्लप्पांनी आम्हा लंगड्या-पांगळ्यांची वेगळी रास घातली. तिथे धूळ खात पडले असताना एक दिवस दिग्विजय नावाचा नाचाचा मास्तर आला आणि आम्हाला तळ्याजवळच्या बागेत घेऊन गेला. दर रविवारी ऊन उतरलं की तिथल्या फरशीवर तो कर्ण्यासारखा मोठा स्पीकर लावतो, आणि माणसं जोडीने साल्सा नावाचा नाच करतात. गाणी परक्या भाषेतली, पण पाय सोलापूरचे. आधी पाहून मला हसू आलं. मग आवडू लागलं.

या नाचात बँड नाही, वरात नाही, अंगावर नोटा उधळणं नाही. हात पुढे करून विचारायचं, "नाचूया का?" समोरचा हो म्हणाला तर एक गाणं नाचायचं, आभार मानायचे आणि त्याला जागेवर सोडून दुसऱ्याला विचारायचं. हात हलका धरायचा, घामेजला शर्ट बदलायचा, आपलं पाऊल दुसऱ्याच्या पायावर पडू द्यायचं नाही, आणि नाचता नाचता शिकवायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की समोरचा नको म्हणाला तर हसून मागे फिरायचं. पुन्हा गळ घालायची नाही. एकदा एका पाहुण्याने दिपालीला, म्हणजे तिथल्या सगळ्यांत चपळ मुलीला, "एकच गाणं, एकच!" म्हणून भंडावलं होतं. दिग्विजयने त्याला खांद्यावर हात ठेवून फाटकापर्यंत पोचवलं. नियम चांगलाच आहे. माझं त्याच्याशी भांडण नाही.

मग चंद्रिकाताई आली. चाळिशी उलटलेली, गणवेशाच्या कारखान्यात काजबटणं करणारी. रविवारी शिलाईचं जादा काम उरकून यायची, त्यामुळे सुरुवातीला दिग्विजय नव्या माणसांना नियम सांगतो ते तिच्या कानावर कधी पडलंच नाही. ती आली आणि नेमकी माझ्यावर बसली, तीही पुढे सरकून. पदर खोचलेला, पायांत नवे बूट. गाणं लागलं की साडीच्या काठाखाली तिचे पाय अचूक पडायचे. मोबाईलवर बघून घरी ओट्यापाशी शिकली होती. पाय किती अचूक पडतात ते फक्त मला कळत होतं, कारण तो ठेका माझ्या तारेपर्यंत पोचत होता.

पहिल्याच दिवशी एका तरुणाने येऊन हात पुढे केला.

"ताई, नाचूया का?"

"अगंबाई, नको नको! मला कुटं येतंय!" चंद्रिकाताई लाजून म्हणाली आणि पदराला हात पुसून तयार झाली.

तो हसला, मान लववली आणि गेला. शहाण्यासारखा गेला. ताई हात पुसत तशीच राहिली.

माझा जीव थाऱ्यावर राहिना. अरे, ती नको म्हणाली म्हणजे हुग्गी नको म्हणाली! अजून एकदा विचार की, मेल्या! पण खुर्चीला तोंड कुठलं? पाठ आहे, हात आहेत, चार पाय आहेत, तोंड तेवढं नाही.

पुढच्या रविवारीही तेच झालं. वेगवेगळी माणसं आली, सगळ्यांना ताईने तेच उत्तर दिलं आणि सगळी अदबीने परत गेली. मग विचारणं थांबलं. त्यांना वाटलं, बाईंना बघायला आवडतं. ताईला वाटलं, वय बघून एकदा विचारायचं म्हणून विचारलं. हळूहळू पोरी तिच्याकडे पर्सा ठेवू लागल्या. "मावशी, जरा बघाल का?" ताईच्या मांडीवर पर्सांचा आणि पाण्याच्या बाटल्यांचा डोंगर झाला. त्याचं ओझं शेवटी माझ्याच पायावर यायचं, पण मला दुखायचं ते निराळंच.

माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण मांडलेली असे. तिच्यावर वळसंगचे निंगप्पा बसायचे. पन्नाशीचे, विधुर, बी-बियाणांचं लहानसं दुकान. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, खांद्यावर टॉवेल. त्यांची एसटी नेहमी उशिरा पोचे, म्हणून नियम त्यांनीही ऐकले नव्हते. दिपालीने एकदा विचारलं तेव्हा तेही म्हणाले होते, "नगं पोरी, आमाला काय जमतंय?" आणि उठायला गुडघ्यावर हात ठेवला होता. दिपाली "बरं काका" म्हणून गेली. शेजारी शेजारी दोन खुर्च्यांवर दोन माणसं, दोघांचे पाय एकाच ठेक्यात. आम्ही बहिणी एकमेकींकडे बघत राहिलो.

एका रविवारी, निंगप्पा अजून यायचे असताना, ताईचा फोन वाजला. लेक होती, दानेश्वरी.

"व्हय गं, बांधाबांध झाली सगळी," ताई म्हणाली. "पुढच्या रविवारी रात्रीची गाडी. तुझं बाळंतपण, मग नात का नातू ते सांभाळायचं, आता कुटलं सोलापूर? तितंच राहायचं की पुण्यात." मग हळूच म्हणाली, "नाचले? नाही गं. कुणी विचारतंय का मला? भावाच्या लग्नात, नणंदेच्या लग्नात, सगळ्या वरातीत मी पर्साच सांभाळल्या. हितंबी तेच. एक गाणं मिळालं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच."

मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. बाजारात लाकडाचा भाव असो की प्लास्टिकचा, मुक्या वस्तूचा उपयोग किती, तर बसण्यापुरता.

शेवटच्या रविवारी ताई लवकर आली. शिलाईचं काम तिने सोडलंच होतं. आणि पहिल्यांदाच दिग्विजयचं बोलणं तिने सुरुवातीपासून ऐकलं. "इथे एकदाच विचारतात," तो नव्या लोकांना सांगत होता. "नको म्हणजे नको. आग्रह करायचा नाही. आणि विचारायचा हक्क फक्त पुरुषांचा नाही. बायकांनीही विचारायचं."

ताईचा हात माझ्या हातावर आवळला गेला. तिला सगळं एकदम उमगलं, मला जाणवलं ते. त्या संध्याकाळी ती वाट बघत बसली, आता कुणी आलं तर हो म्हणायचंच. पण येणार कोण? सगळ्यांनी तिचा नकार केव्हाच मानला होता. उठून विचारायचं म्हणून ती दोनदा पुढे सरकली, आणि दोन्ही वेळा कुणीतरी मांडीवर पर्स ठेवून गेलं.

"शेवटचं गाणं!" दिग्विजय ओरडला. फरशी जोड्यांनी भरली. मोकळं असं एकच माणूस होतं. निंगप्पा, नुकतेच एसटीतून उतरून, टॉवेलने मान पुसत माझ्या बहिणीवर टेकलेले. ताईने सगळ्या पर्सा माझ्यावर ठेवल्या. उभी राहिली. हात पुढे केला.

"नाचताव का माझ्यासंगं?"

आयुष्यात पहिल्यांदा तिने असं काही मागितलं असेल. निंगप्पांचा चेहरा उजळला. माझी बहीण सांगते, त्यांचा उजवा पाय तेव्हाच उचलला गेला होता. आणि तोंडातून काय निघालं?

"अवं नगं नगं! मला कुटं येतंय!"

म्हण ना गं, अजून एकदा म्हण! आम्ही दोघी बहिणी मनातल्या मनात ओरडलो. पण ताई नियम नुकताच शिकली होती, आणि शहाणी बाई होती. "बरं," ती हसून म्हणाली, आणि मान लववून मागे फिरली.

गाणं संपलं. तिने ज्याची त्याला पर्स दिली. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि फाटकाबाहेर गेली.

निंगप्पा उठले, घाईने दिग्विजयकडे गेले. "मास्तर, त्या ताई परत इचारणार न्हाईत व्हय?"

"काका, इथे एकदाच विचारतात."

निंगप्पा खाली बसले. बराच वेळ टॉवेलची घडी करत राहिले.

आता ते आधीची एसटी पकडतात. नियम त्यांना तोंडपाठ झाले आहेत. परवा दिपालीने हात पुढे केला, तर तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत "व्हय!" म्हणून असे मोठ्याने ओरडले, की सगळी फरशी हसली. नाचले, दोनदा चुकले, आभार मानून परत आले. मग त्यांनी टॉवेलने मला पुसलं. एक मुलगा मला उचलायला आला. "काका, ही रिकामी आहे ना?"

"न्हाय," निंगप्पा म्हणाले आणि फाटकाकडे बघत राहिले.

मला ठाऊक आहे, ती गाडी केव्हाच गेली. पण ते मी त्यांना सांगणार कसं?

म्हणून माझी दुसरी विनंती तुम्हाला, मित्रांनो. मला धूळमुक्त ठेवा, पाय नवा बसवा, असं मी मागत नाही. तुमच्यापैकी कुणी पुण्याला असाल, आणि तिथल्या एखाद्या बागेत नाचाच्या कडेला कडेवर नातवंड घेऊन कुणी सोलापूरची बाई ठेका धरताना दिसली, तर तिला विचारा. नको म्हणाली तर तिचं ऐका, गळ घालू नका. फक्त बाळ घ्यायला दोन्ही हात पुढे करा आणि तिथेच थोडं उभे राहा. इथे तिचं ओझं धरायला निदान मी होते. तिथे मी नाही.