पंधरावा प्रस्ताव

“म्हंजे तिकडं मासळी विकणारी बाई बी जाऊन सांगनार, वीजकेंद्र पायजे का नको?” दामूने विचारलं.

“बाई बी आन् होडी हाकणारा तांडेल बी,” एकनाथ म्हणाला. “आठ जूनला. कागदावर दोन जागा असतात. एक होय, एक नाय.”

तारापूरजवळच्या घिवली गावातल्या एकनाथ तामोरेच्या ओट्यावर त्या दिवशी सात-आठ माणसं बसली होती. १९७६ सालच्या मे महिन्याचा तिसरा आठवडा चालू होता. पावसाळ्याआधी होड्या एकेक करून वर ओढल्या जात होत्या, त्यामुळे तिसऱ्या प्रहरी पुरुषांना सवड होती. एकनाथच्या मांडीवर पातळ कागदाचं एक पुस्तक होतं. कॅलिफोर्नियाहून विमानाच्या टपालाने आलेलं.

तारापूरला अणुवीज केंद्र बांधायला अमेरिकन लोक आले, तेव्हा एकनाथ त्यांच्यातल्या वॉकर नावाच्या इंजिनिअरची जीप चालवायचा. वॉकरबाईंनी या सातवी शिकलेल्या ड्रायव्हरला जुनी वर्तमानपत्रं समोर धरून इंग्रजी वाचायला शिकवलं. काम संपलं, ते लोक परत गेले, आणि एकनाथ केंद्रात पाणी नेणाऱ्या एका ठेकेदाराच्या टँकरवर लागला. बाई मात्र त्याला विसरल्या नाहीत. त्यांच्याकडे मतदान जवळ आलं की घरोघर एक पुस्तक येतं. कशावर मत द्यायचं आहे आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं काय, ते त्यात छापलेलं असतं. स्वतःचं वाचून झालं की बाई ते एकनाथला पाठवून देत.

शब्दकोश शेजारी ठेवून तो ते पहिल्या पानापासून वाचायचा. शाळांचे कर, नदीवरचे बांध, कुठले कुठले रस्ते. त्या गावांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण रेडिओवर निकाल ऐकेपर्यंत त्याला चैन पडायचं नाही. त्याची बायको मंजुळा शेजारणींना सांगायची, “यांचं सासर तिकडं हाय.”

यंदाच्या पुस्तकातला पंधरावा प्रस्ताव अणुवीज केंद्रांवर कडक अटी घालाव्यात का, याबद्दल होता. म्हणून ओट्यावर गर्दी होती.

एकनाथने आधी ‘होय’ म्हणणाऱ्यांची बाजू वाचली. केंद्रातला कचरा हजारो वर्षं सांभाळायचा आहे आणि तो कुठे ठेवायचा हे अजून ठरलेलं नाही. अपघात झाला तर कंपन्यांनी पुरी भरपाई द्यावी. मग दुसरी बाजू वाचली. केंद्रं सुरक्षित आहेत, ती बंद पडली तर वीज महागेल, माणसांचे रोजगार जातील.

“मासळीचं काय लिवलंय?” दामूने विचारलं.

“मासळीचं कायच नाय.”

“आपल्याला कदी इचारलं होतं रं?” दामू म्हणाला.

देशात आणीबाणी होती, इथल्या निवडणुकाही पुढे ढकलल्या होत्या. कडेला बसलेला एक जण उठला, धोतर झटकलं आणि निघून गेला. त्याच्यामागून आणखी दोघे उठले.

चार दिवसांनी पोस्टमन चिंतूने वॉकरबाईंचं पत्र आणून दिलं, पण सायकलवरून उतरला नाही. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं दिसत होतं.

“मी नाय उघडलं, देवाशपथ,” चिंतू म्हणाला. “माज्या हातात आलं तेच असं.”

त्याच आठवड्यात मंजुळा बोईसरच्या बाजारातून टोपली अर्धी भरलेली घेऊन परतली. पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस तिच्यासमोर बराच वेळ उभा होता. मासळी घेतली नाही, भावही विचारला नाही.

“‘तुमच्या ओट्यावर कोण कोण येऊन बसतं?’ म्हनं.”

“तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, कुत्री बसतात.” ती हसली नाही. “ते पुस्तक चुलीत घाला.”

एकनाथने घातलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी जीप थांबली. दोन माणसं उतरली. कुठल्या खात्याची ते त्यांनी सांगितलं नाही. पुस्तक कुठे आहे एवढंच विचारलं, आणि पुस्तकासकट त्याला पालघरला नेलं.

खोलीत एक टेबल आणि तीन खुर्च्या होत्या. त्या दोघांतल्या वयस्काने एकनाथला बसायला सांगितलं. त्याचा आवाज मऊ होता. “घाई नाही,” तो म्हणाला. “हा प्रस्ताव आम्हाला मराठीत सांगा. ओट्यावर सांगितला तसाच.”

एकनाथ ओळ वाचायचा, अर्थ सांगायचा आणि तरुण माणूस लिहून घ्यायचा. अकरा वाजले, बारा वाजले. पहिली बाजू संपली, दुसरी सुरू झाली, तेव्हा एकनाथच्या लक्षात आलं की तरुणाचं पेन टेबलावर पडलेलं आहे.

“साहेब, तुमी लिवत नाय.”

“जरुरीचं तेवढं लिहितोय.”

“दोन्ही बाजू लिवा. पुस्तकात दोन्ही हायत. मी ओट्यावर बी दोन्ही वाचल्या.”

वयस्काने पुढे वाकून विचारलं, “एकनाथ, हे दिवस कसले आहेत, माहीत आहे ना तुम्हाला?”

“माहीत हाय.” पुस्तकात बोट घालून एकनाथने ते मिटलं. “पण अर्धं सांगितलं तर ते खोटं होईल.”

वयस्काने मान हलवली आणि तरुणाने पेन उचललं. सगळं लिहून व्हायला चार वाजले. शेवटी त्यांनी एकनाथपुढे एक वेगळा कागद सरकवला. ‘केंद्राविषयी माझे मत पुढीलप्रमाणे आहे,’ अशी सुरुवात होती आणि खाली फक्त पहिली बाजू होती.

“सही करा.”

एकनाथने कागद दोनदा वाचला. “हे तिकडच्या मान्सांचं मत हाय. माजं लिवायचं तर आदी मला इचारा.”

वयस्काने विचारलं नाही. कागद उचलून फाईलमध्ये ठेवला. पुस्तकही ठेवून घेतलं. “जा तुम्ही,” तो त्याच मऊ आवाजात म्हणाला. “लागलं तर बोलावू.”

सोमवारी टँकरवर मुकादम बळवंत त्याची वाटच पाहत होता. “केंद्रात जायचा पास दे तुझा,” तो म्हणाला. “नवीन आला की कळवतो.”

“कदी?”

“कळवतो म्हटलं ना.”

तेव्हापासून ओट्यावर कोणी बसलं नाही. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मंजुळाचा भाकरी थापणारा हात थांबायचा आणि आवाज पुढे गेला की पुन्हा चालू व्हायचा. माणसं समोरून येता येता पलीकडच्या अंगाला वळायची. दामू एकदा किनाऱ्यावर भेटला. होडीवर झावळ्या बांधत होता, तोंड न वळवताच बोलला.

“सरकारी लायसन हाय माजं, एकनाथ. होडी गेली तर काय करू?”

“मी कुठं काय म्हटलं?” एकनाथ म्हणाला आणि झावळीचं एक टोक धरून उभा राहिला. गाठ बसल्यावर दामू म्हणाला, “तू जा आता.”

दहा जूनला सकाळी एकनाथने रेडिओ कानाशी धरून, अगदी बारीक आवाजात, परदेशी स्टेशनच्या इंग्रजी बातम्या ऐकल्या. दरवेळी निकाल ऐकला की तो ओट्यावर येऊन मोठ्याने सांगायचा. कोणाला त्यातलं फारसं कळायचं नाही, पण लोक ऐकून घ्यायचे. आज त्याने रेडिओ बंद केला आणि तो किनाऱ्यावर गेला. मंजुळा सुके बोंबील टोपलीत भरत होती.

“पडला,” तो म्हणाला.

“कोन?”

“तिकडचा प्रस्ताव. तिघांतल्या दोघांनी नाय म्हटलं. केंद्रं चालू ऱ्हाणार त्यांची.”

ती बोंबील रचत राहिली. “बायकांनी बी मत दिलं?”

“दिलं.”

टोपली भरली. तिने हात पदराला पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं. “तुमी तिकडं असता तर कशावर दिलं असतं?”

एवढी वर्षं तो ती पुस्तकं वाचत आला होता, पण हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. उत्तर त्याच्याकडे होतं. पालघरच्या त्या खुर्चीत बसल्या बसल्याच ते त्याला सापडलं होतं. तो सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात त्याची मान आपोआप मागे वळली. किनारा रिकामा होता. झाकलेल्या होड्यांच्या रांगा होत्या, आणि लांब केंद्राची उंच चिमणी.

त्याने वाकून टोपलीचं दुसरं टोक धरलं.

“घरी सांगतो,” तो म्हणाला, इतक्या हळू की मंजुळाला “काय?” म्हणून पुन्हा विचारावं लागलं.