तोफा म्हटलं की झोप

मित्रांनो, मी एक विंझणा आहे, आणि मला जुना म्हटलं तरी आता माझी हरकत नाही. माझ्या कडा फाटल्या आहेत, दांडा हाताच्या घामाने काळा पडला आहे. दूर दक्षिणेकडच्या समुद्रातल्या सवाई बेटावर फिलेमूने मला माडाच्या कोवळ्या झावळीतून विणलं. तेव्हा लुपे तिच्या पोटात होती.

लुपे जन्मली आणि मला काम लागलं. संध्याकाळचा शंख वाजायचा, घरातली प्रार्थना आटोपायची. मग फिलेमू लुपेचे पाय धुवायची, पाठीला खोबरेल चोळायची, मच्छरदाणी सोडायची आणि मला हातात घ्यायची. मी संथ हलायचो. शेवटी ती म्हणायची, "तोफा." हसू नका, दारूगोळ्याशी या शब्दाचा काही संबंध नाही. आमच्याकडे मोठ्या मानकऱ्यांच्या झोपेला झोप म्हणत नाहीत, तोफा म्हणतात. फिलेमू कौतुकाने पोरीला तो मान द्यायची. शब्द कानावर पडला की लुपेचे डोळे मिटलेच! शेजारणी म्हणायच्या, "पोरीला कळ बसवलीयेस की काय गं? दाबली की झोपते!" तेव्हा मलाही भारी वाटायचं.

लुपे तीन वर्षांची झाली आणि फिलेमू ऑस्ट्रेलियातल्या फळबागांत हंगामाच्या कामाला निघाली. धक्क्यावर ऊन मी म्हणत होतं, म्हणून मलाही नेलं होतं. बोट सुटली तशी ती कठड्यावरून ओरडली, "तोफा, लुपे! तोफा!" निरोप घेतानाही आमच्याकडे हाच शब्द आहे. लुपे रडली नाही. बोटीकडे नुसती बघत राहिली.

आता तिला झोपवायचं काम पेनिनामावशीकडे आलं. मावशी मोठी नेमाची. ताईने सांगितलेला क्रम तिने जराही चुकवला नाही. पाय, खोबरेल, मच्छरदाणी, मग मी. लुपेच्या पापण्या जड व्हायच्या. तेवढ्यात मावशी प्रेमाने म्हणायची, "तोफा." आणि पोर ताडकन उठून तिच्या गळ्यात पडायची.

"नको! तोफा नको!"

रोज हेच. मावशीने गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. मग विजेचा पंखा आणला आणि मला वर तुळईत खोचून ठेवलं. लुपे वाळली. दिवसभर किरकिर करायची, जेवता जेवता पेंगायची. मला वरून सगळं दिसत होतं, कळतही होतं. पण विंझण्याला तोंड कुठलं? फार वाईट वाटायचं मला.

एका सकाळी मावशी दुकानात निघाली आणि सवयीने म्हणाली, "तोफा, लुपे!" लुपेने तिचा हात घट्ट धरला.

"तू पण बोटीत जाणार?"

"बोटीत कुठली? दुकानात चाललेय, बाई. ही आलेच."

"आई पण तोफा म्हणाली."

आजोबा खांबाला टेकून काथ्याचा दोर वळत होते. त्यांचा हात थांबला. "कपाळ माझं! अगं पेनिना, रोज पोरीला थोपटतेस आणि वर तिचा निरोप घेतेस!"

मावशी दुकान विसरून तिथेच बसली. लुपेला पोटाशी धरून ती हुंदके देत रडली.

त्या संध्याकाळी मला तुळईतून काढलं. मावशीने विचारलं, "आता दुसरा शब्द म्हणू का?"

"दुसरा कशाला? तिच्या आईचा शब्द आहे तो," आजोबा म्हणाले. "म्हण, आणि तिथेच थांब."

मावशी मच्छरदाणीत लुपेशेजारी आडवी झाली. तोफा म्हणाली आणि हललीच नाही. सकाळी लुपेने डोळे उघडले तर मावशी तिथेच घोरत होती. दुसऱ्या सकाळीही तिथेच. असं बरेच दिवस चाललं, तेव्हा कुठे लुपेचा त्या शब्दावर पुन्हा विश्वास बसला.

मित्रांनो, मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. घरातल्या लहानग्याला झोपवायचा रोजचा क्रम मोडू नका. आणि मूल अडून बसलं तर रागावण्याआधी त्याला काय ऐकू आलं ते विचारा.

हंगाम संपला, फिलेमू परत आली. पाय धुतले, खोबरेल लावलं, मच्छरदाणी सोडली. मावशीने तिला सगळं सांगितलं होतं. मी तिच्या हातात हलत राहिलो, पण शेवटचा शब्द काही तिच्या तोंडातून फुटेना.

लुपेने वाट पाहिली. मग म्हणाली, "आई, तोफा म्हण ना."

"म्हणू?"

"म्हण. आणि सकाळी इथेच अस."