लागू नाही

फुकट मिळणारी एखादी गोष्ट श्रीनिवास दाबक्यांनी सोडली असेल, तर शपथ. ते बँकेतून निवृत्त झाले, आणि निवृत्तांच्या आरोग्य योजनेत नवरा-बायको दोघांची वर्षातून एकदा मोफत तपासणी मिळायला लागली. एप्रिल आला की श्रीनिवासराव चष्मा पुसून अर्ज भरायला बसत. डोळे, दात, साखर, हाडं, सगळ्यांपुढे खूण. कान ठणठणीत होते, तरी तेही दोनदा तपासून घेतले. का सोडायचं?

पत्नीच्या रकान्यात मात्र एक ओळ होती, ‘गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी’. तिच्यापुढे ते दरवर्षी सुवाच्य अक्षरात लिहीत, ‘लागू नाही’.

आणि कारण काय, तर म्हणे नागोराव! हा नागोराव पूर्वी त्यांच्याच हाताखाली होता. आता स्वारगेटजवळच्या निवृत्तांच्या कचेरीत अर्ज घ्यायला बसायचा, आणि प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून पडताळायचा. बाकावर चार ओळखीची माणसं बसलेली असताना त्यानं आपल्या बायकोचं ते असलं वाचावं? छे, छे! सात वर्षं, सात अर्ज. विजेच्या बिलातली चूक हुडकून काढणाऱ्या या माणसाची अक्कल त्या एका ओळीपाशी नेमकी शेण खायला जायची.

गेल्या भाद्रपदात, ऐन गौरीजेवणाच्या दिवशी, त्यांच्या पत्नीला, वासंतीबाईंना, रक्ताचे डाग दिसले. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली. पण मनात पहिलं आलं ते नैवेद्याचं. पाठ धरलीय, असं सांगून त्या बाजूला बसून राहिल्या आणि पुरणापासून आरतीपर्यंत सगळं लेकीकडून, तनयाकडून करून घेतलं. उष्णता असेल, त्यांनी स्वतःलाच सांगितलं. गौरी गेल्या, दिवाळी गेली. जानेवारीत मंडईतून येताना पिशवीसकट त्या एका दुकानाच्या पायरीवर बसल्या, त्या उठेचनात.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. आजार फार पसरलाय, बरा होणार नाही, त्रास कमी करता येईल, एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “याआधी कधी तपासणी केली होती का?”

श्रीनिवासराव चष्मा काढून पुसायला लागले. तेवढ्यात वासंतीबाईच म्हणाल्या, “नाही हो. माझाच हलगर्जीपणा.”

बाहेर आल्यावर तनया आईवर ओरडली. रडत होती आणि ओरडत होती. “आई, शिकलेली ना तू? बाबांच्या योजनेत दरवर्षी फुकट होती तपासणी! इतकं कसं दुर्लक्ष करतं कुणी?” वासंतीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिल्या. शेजारी नवरा उभा होता. तेव्हा बोलायला हवं होतं, नाही बोलला.

आता घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वासंतीबाई तेच सांगत. चूक माझीच हो. लोक हळहळत आणि जिना उतरताना आपसात म्हणत, बायका स्वतःकडे बघतच नाहीत. श्रीनिवासराव आत स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून ते ऐकत उभे राहत. नागोरावचा फोन यायचा, “साहेब, वहिनींच्या उपचारांचं सगळं योजनेत बसतंय. तुम्ही एका कागदाची काळजी करू नका.” तो खरोखर जीव तोडून धावत होता. ऐकून यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बायको आपल्या डोक्यावर दोष घेऊन जाणार, हे त्यांना गिळवेना. बोलायचं तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. एका दुपारी तिला चार चमचे पेज भरवून झाल्यावर त्यांनी कपाटातून अर्जांची फाइल काढली आणि तिच्या पलंगाशी बसले.

“वासंती, तू सगळ्यांना सांगतेस ना, ते खोटं आहे. तपासणी मीच नाकारली. दरवर्षी. नागोराव मोठ्यानं वाचतो म्हणून... मला लाज वाटायची ग.”

त्यांनी फाइल उघडली. सातही झेरॉक्स ओळीनं लावलेल्या होत्या. वासंतीबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“माहिती आहे मला,” त्या म्हणाल्या. “मंडईत जाताना झेरॉक्स कोण काढून आणायचं?”

श्रीनिवासरावांनी फाइल मिटली.

“दुसऱ्या वर्षी मी विचारलंही होतं तुम्हाला, हे लागू नाही म्हणजे काय हो. तुम्ही म्हणालात, अगं, ते तरुण बायकांचं असतं.” त्यांना धाप लागली. जरा थांबून त्या म्हणाल्या, “मला वाटलं, चौकशी केली असेल तुम्ही. मिक्सरच्या वॉरंटीची दोनदा चौकशी करणारा माणूस.”

श्रीनिवासरावांनी तोंड ओंजळीत झाकलं. सत्तरीला टेकलेला माणूस हमसाहमशी रडला. वासंतीबाईंनी त्यांना रडू दिलं. उगी म्हणाल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

“मग लोकांना का सांगतेस, तुझी चूक म्हणून?”

“काय सांगू दुसरं? माझ्या नवऱ्याला नागोरावाची लाज वाटली?” त्या हसल्यासारखं करून थांबल्या. “लोकांचं जाऊ द्या. पण पोरगी मला बोलली त्या दिवशी. ते फार लागलं हो मला. तिला पस्तिसावं लागलंय. तिच्या कंपनीचा विमा आहे, त्यात ही तपासणी असेल. केलीय का विचारा तिला.”

“मी?”

“मग नागोराव विचारेल का? तुम्हीच. आणि का विचारताय, तेही सांगा. मी आहे तोवर सांगा.”

त्यांनी उशाचा फोन घेतला. दोनदा भलताच नंबर लागला. तिसऱ्यांदा तनयाचा आवाज आला, घाबरलेला, “बाबा? आई बरी आहे ना?”

“आहे, आहे. ऐक, तनया. ती गर्भाशयमुखाची तपासणी... तू केली आहेस का?”

“नाही, बाबा. राहूनच गेलं. पण तुम्ही...”

“उद्या कर. उद्याच. आणि आणखी एक.” आवाज इतका खाली आला की त्यांचा त्यांनाही ऐकू येईना.

वासंतीबाईंनी डोळे मिटले होते. तशाच त्या म्हणाल्या, “मोठ्यानं बोला. मला ऐकायचंय.”

श्रीनिवासरावांनी घसा खाकरला आणि उघड्या खिडकीशेजारी बसून, खालच्या दुकानदारालाही ऐकू जाईल अशा आवाजात, लेकीला सांगायला सुरुवात केली.