केजचं कार्ड

केजहून केशरबाईंचा फोन आला तेव्हा माझी भाकरी तव्यावर होती.

"विजयमालाताई, तुमचा देव चालला बघा. वडगावच्या ताराबाईचा पोरगा टेम्पो घेऊन आलाय, सामान भरायलेत. जुना देव जाता जाता मांजरेच्या पुलावरून सोडणार म्हणतेत."

भाकरी जळली. मी गॅस बंद केला, परत चालू केला, पुन्हा बंद केला. आमचे मालक ताट पुढं घेऊन बसले होते.

"कुठं?" ते म्हणाले.

"युसूफ वडगावला."

"पुन्हा कार्डच का?"

"केजचं."

"जा मग," ते म्हणाले आणि जळकी भाकरी त्यांनी स्वतःच काढून घेतली. "न्हाई म्हणून उपेग न्हाई. तू घरात असलीस तरी घरात नसतीस."

खोटं नव्हतं. केशरबाईंनी पंधरा दिवसांपूर्वी त्या कार्डाचं नाव काढलं, तेव्हापासून मी भाजीत दोनदा मीठ घालत होते.

आमचं अंबाजोगाईत रद्दीचं दुकान आहे. काही वर्षांमागं एका वकिलाच्या घरच्या रद्दीत मला पहिलं कार्ड सापडलं. 'तुरंग मोटर्स, हैदराबाद.' जाड, सायीच्या रंगाचा कागद. त्यावर तांबडा घोडेस्वार, हातात झेंडा. छपाई अशी उठावाची की बोट फिरवलं तर घोड्याची आयाळ बोटाला लागावी. तुरंग नावाची मोटार मी जन्मात पाहिली नाही. कंपनी बसली तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. पण त्या घोड्यानं मला जे धरलं ते धरलंच. कुणाला भिशी लागते, कुणाला कीर्तन. मला तुरंगच्या विक्रेत्यांची कार्डं लागली. कुठले कुठले विक्रेते! गुलबर्गा, निझामाबाद, सोलापूर. काहींचे फोन नंबर दोन आकडी. गाडी गेली, दुकान गेलं, माणूस गेला आणि कार्ड मात्र कोरं करकरीत, जणू आत्ताच कुणी खिशातून काढून पुढं करतंय.

ती सगळी एका अल्बममध्ये आहेत, एकेका कप्प्यात एकेक. हात धुऊन, कोरडे करून मगच मी त्यांना शिवते. मालकांना तर धुऊनही शिवू देत नाही. त्यांच्या बोटांना तंबाखू असते.

जुन्या पेपरातल्या एका जाहिरातीत मराठवाड्यातले विक्रेते दिले होते. औरंगाबाद, नांदेड, लातूर आणि केज. तिघांची कार्डं मिळाली. आपल्या जिल्ह्याचंच तेवढं मिळेना. केजचा विक्रेता म्हणजे अमरसिंहराव. विचारत विचारत मी केजला त्यांच्या घरी गेले, तर त्यांच्या पत्नी केशरबाई माझं मागणं ऐकून आधी हसतच सुटल्या.

"अवो, गाडी एक विकली न्हाई ह्यांनी. कार्डं तेवढी वाटली, लग्नातल्या अक्षतांसारखी. आता घरात एक सापडायचं न्हाई. पण वडगावच्या सटवाच्या देव्हाऱ्यात हाय म्हणतेत."

मग त्यांनी सांगितलं ते असं. अमरसिंहराव दाखवायची नवी कोरी तुरंग घेऊन वडगावकडं गेलते, ती ओढ्यात रुतली. मेंढरं घेऊन सटवा तिथंच होता. त्यानं आणि त्याच्या भावांनी गाडी ढकलून काढली. अमरसिंहरावांनी ऐटीत खिशातून कार्ड काढून त्याच्या हातावर ठेवलं. सटवाला वाचता येत नव्हतं. त्यानं बघितलं, घोडा, त्यावर स्वार. ओढ्याच्या पाण्यात उभ्या उभ्या त्यानं कार्ड कपाळाला लावलं. खंडोबा आपल्या पायानं हातात आला, असं म्हणून घरी नेलं आणि देव्हाऱ्यात बसवलं. त्या साली गावातल्या सगळ्या मेंढरांत रोग फिरला, सटवाची वाचली. झालं. मग तो नुसता कागद कसला राहतो?

सटवाला जाऊन बरीच वर्षं झाली. देव आता त्याच्या बायकोकडं, ताराबाईकडं.

मीही काही अगदीच बावळट नाही. देव मागायचा तर देव द्यावा लागतो, म्हणून सोनाराकडून खंडोबाचा चांदीचा टाक करून घेतला होता. रविवार खंडोबाचा वार, त्या दिवशी जावं म्हणून थांबले होते. आणि फोन आला गुरुवारी.

टाक पर्समध्ये, अल्बम पिशवीत, अशी मी जीपमध्ये बसले. अल्बम कशाला घेतला? एवढ्या कार्डांची हौस खरी आहे हे पटवायला असेल. जीपवाला माणसं भरेपर्यंत हलेना. मी उतरले, परत चढले. शेजारची बाई म्हणाली, "ताई, तुमी उतरल्यावर जीप लवकर भरंल का?"

वडगावच्या कडेला ताराबाईचं घर. दारात टेम्पो, त्यात पलंग, पत्र्याची पेटी, कूलर. पोरगा हरिओम चाकणला मोटारीच्याच कारखान्यात कामाला आहे. तो दोर आवळत होता. त्याची बायको शिवकन्या डबे बाहेर आणत होती. आत मोकळ्या झालेल्या खोलीत ताराबाई देव्हाऱ्यापुढं बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, हाडापेरानं काटक बाई.

"कावून आलीस गं बाई?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

मी नाव-गाव सांगितलं आणि येणं कशासाठी तेही सांगितलं. टाक काढून पुढं ठेवला.

शिवकन्या दारातूनच म्हणाली, "आत्याबाई, घ्या की! सोन्यासारखं झालं. तिकडं एका खोलीचं घर. कागदाचा देव कुठं ठेवावा, वल लागली की संपला."

ताराबाईंनी टाक हातात घेतला, उलटा करून बघितला. "चांगला हाय. पर ह्याला आमची वळख न्हाई."

"होईल की," मी म्हटलं.

"व्हईल. शिवकन्याची व्हईल. माझी व्हायला आता दिवस कुठायत?" त्यांनी टाक सुनेच्या हातात दिला. "घे. तुला ऱ्हाऊ दे." मग माझ्याकडं वळल्या. "आन माझा म्हातारा मागायलीस तू."

देव्हाऱ्यातून त्यांनी कार्ड काढलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी मी वणवण केली ते हे. भंडाऱ्याचे थरावर थर, तेलानं काळवंडलेल्या कडा, एक कोपरा उंदरानं खाल्लेला. अमरसिंहरावांचं नाव पुसून गेलेलं. पिवळ्या ढेपेत घोड्याची पाठ आणि एक उचललेला हात, एवढंच काय ते दिसत होतं. जमवणारा कुणीही शहाणा माणूस असल्या कार्डाला हात लावणार नाही. माझा हात मात्र आपोआप पुढं गेला.

ताराबाईंनी कार्ड मागं घेतलं. "कुठं ठिवशील?"

'देव्हाऱ्यात' म्हटलं की काम होत होतं. शब्द ओठावर आला होता. पण पुढ्यात बसलेल्या बाईनं ज्याला रोज हात जोडले त्याच्यापुढंच खोटं कसं बोलावं?

"मावशी," मी म्हटलं, "हा देव नव्हे. मोटारीच्या कंपनीचा कागद आहे. माझ्याकडं असले पुष्कळ आहेत. हे पण त्यातच ठेवणार, प्लास्टिकच्या कप्प्यात."

शिवकन्येनं कपाळाला हात लावला. बाहेर हरिओम हसला. "आये, मी काय सांगत हुतो? आमच्या कंपनीचीबी असलीच कारडं असत्यात."

"घोडा हाय, वर मानूस हाय, हात उचललेला हाय," ताराबाई शांतपणे म्हणाल्या. "अजून काय लागतं बाबा देवाला?"

"हातात तलवार नाही मावशी, झेंडा आहे."

"मंग? देवानं झेंडा धरू ने का?"

मी अल्बमची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"पुष्कळ म्हंजी किती घोडे हायेत तुज्याकडं? दाव."

मी अल्बम उघडला. ताराबाई एकेक पान उलटू लागल्या. गुलबर्ग्याचा घोडा, सोलापूरचा घोडा, लातूरचा, नांदेडचा. प्रत्येकाला प्लास्टिकवरून हात लावून त्या कपाळाला नेत होत्या. पाच-सहा पानं झाल्यावर थांबल्या.

"ह्यातल्या एकालाबी भंडारा न्हाई?"

"नाही."

"हतं तिकडचं! समदे उघडे! आन माझा ह्यांच्यात बसवायचा?" त्यांनी भंडाऱ्याची वाटी ओढली. "काड भाईर. एकेक काड. ह्यांना लावते, मग ह्यो घेऊन जा. न्हाई तर पुलावर सोडते. नदीबी वाईट न्हाई."

हळदीचा डाग जात नाही, हे बाईला कुणी सांगायला नको. सगळी वर्षं, सगळी धुतलेली बोटं, ते कोरे करकरीत कागद. आणि त्यांच्या बदल्यात काय, तर उंदरानं खाल्लेली एक पिवळी चकती.

"मावशी, फोटो काढून नेते नुसता."

"काड की. फोटूला कोन न्हाई म्हनतंय." त्यांनी कार्ड समोर धरलं. मी मोबाईल काढला. पडद्यावर ते हळदीच्या सांडग्यासारखं दिसत होतं. मी मोबाईल परत ठेवला.

बाहेर हॉर्न वाजला. "आये, दुपार व्हायली! पुन्यात ट्राफिक लागतंय!"

मी उठले, दारापर्यंत गेले. टेम्पोत पलंगाचे पाय वर करून ठेवलेले, त्यात अडकवलेली पाण्याची कळशी. मी परत आले, बसले, आणि वकिलाच्या रद्दीतलं ते पहिलं कार्ड कप्प्यातून काढून ताराबाईंच्या हातात दिलं.

त्यांनी तर्जनी भंडाऱ्यात बुडवली आणि घोड्याच्या कपाळावर टेकवली. सायीच्या रंगावर पिवळा ठिपका. दुसरं दिलं, तिसरं दिलं. निझामाबादच्या वेळी मी डोळे मिटले. सोलापूरच्या वेळी उघडे ठेवले. नांदेडला ताराबाई म्हणाल्या, "ह्यो जरा रागीट दिसतोय," आणि त्याला दोनदा लावला. लातूरच्याला म्हणाल्या, "ह्यो तुज्यावानी. उगंच बसल्या जागी फुरफुरतोय."

मुख्य कचेरीच्या साहेबाचं एक कार्ड होतं, सोनेरी कडेचं, दुसरं मी कुठंच पाहिलेलं नाही. ते मी हळूच काढून मांडीखाली सारलं.

"झाले सगळे," मी म्हटलं.

ताराबाई बोट वर धरून तशाच बसल्या. "मांडीखालचा?"

शिवकन्या खो खो हसत सुटली. मी ते काढून दिलं. सोनेरी कडेवरच ठिपका पडला.

मग ताराबाईंनी आपलं कार्ड दोन्ही हातांनी उचललं. छातीशी धरलं. पुटपुटल्या काहीतरी, ते मला ऐकू आलं नाही आणि मी कान दिला नाही. माझ्या ओंजळीत ठेवताना त्यांची बोटं सुटता सुटेनात.

"चंपाषष्टीला भेटीला आनायचा. चाकनला."

"एसटीनं आणू?"

"मंग काय घोड्यावर आनतीस?"

केजसाठी राखलेला कप्पा लातूरच्या पुढं रिकामा होता. मी कार्ड तिथं सरकवू लागले, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"मागं कावून? म्हातारा हाय तो. पैल्या पानावर."

"मावशी, मग सगळीच एकेक घर मागं सरकवावी लागतील."

"सरकव की."

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला, या वेळी लांबलचक. पिवळ्या झालेल्या बोटांनी मी पहिल्या कप्प्यातलं कार्ड काढून दुसऱ्यात घालत होते, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. ताराबाईंनी दाराकडं तोंड करून आवाज दिला.

"दम धर की रे लेका! घोडे सरकायलेत हितं."