तारेखालची मोजणी

विजेच्या मोठ्या तारा आमच्या छपरावरून नेल्या तेव्हा कुणी आम्हाला विचारलं नव्हतं. घर आधीचं, तारा नंतरच्या. त्यामुळे हलायचं तर त्यांनी हलावं, हे मी ठरवूनच टाकलं होतं. मी कपडे शिवणारी बाई. माझं चुकलं तर मी उसवते, पण दुसऱ्याच्या चुकीपायी घर सोडणार नाही.

सुनेला सातवा लागला आणि तिचा धीर सुटला. तारांची गुणगुण ऐकली की ती कानांवर हात ठेवायची. या घरात बाळ वाढवणार नाही, असं तिनं माझ्या मुलाला तोंडावर सांगितलं, आणि तोही भाड्याची खोली शोधायला लागला. मला राग आला, आणि भीतीही वाटली. ती दोघं गेली असती तर हे घर मला खायला उठलं असतं. मी वीज कंपनीत इतक्या खेपा घातल्या, की कंटाळून त्यांनी इंजिनियर पाठवला, तारांचं चुंबकीय क्षेत्र घरात किती पोचतं ते मोजायला.

तोवर सुनेला जपायचं म्हणून तिचं शिलाई मशीन मी खिडकीपासून काढून आतल्या कोपऱ्यात लावलं होतं. जागा अरुंद, त्यामुळे टेबलाखालची मोटर तिच्या पोटाला जवळजवळ टेकायची.

इंजिनियरनं अंगणात मोजलं, खिडकीत मोजलं आणि सगळं मर्यादेत आहे म्हणाला. वर्षानुवर्षं राहिल्यावर काय, असं विचारलं तर म्हणाला, त्यावर अभ्यास करणाऱ्यांचंच एकमत नाही, छातीठोक कुणीच सांगणार नाही. मी त्याला कोपऱ्यातही मोजायला लावलं. सून शिवत होती. तिथला आकडा खिडकीतल्यापेक्षा कितीतरी वर चढला, आणि मोजायचं यंत्र मोटरपासून हातभर मागे नेताच खाली आला.

"मावशी, आमच्या तारेपेक्षा तुमची मोटरच भारी आहे," तो हसत म्हणाला.

सुनेला त्या कोपऱ्यात मीच बसवलं होतं.

सून उठली. आता ही सामान बांधणार, असं मला वाटलं. पण त्याचं हसणं तिला चांगलंच झोंबलं होतं. तिनं मशीनची पिन बोर्डातून काढली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मोटर आमची आहे, ती आम्ही आजच लांब बसवतो. तार तुमची आहे. ती कधी हलवताय?"

मर्यादेत आहे म्हटल्यावर हलवायचा प्रश्नच येत नाही, असं तो पुटपुटला.

"मग धोका नाही असं छातीठोक सांगता येत नाही, एवढं सहीनिशी लिहून द्या. माझं बाळ याच घरात वाढणार आहे. त्याला कडेवर घेऊन मी तुमच्या ऑफिसात येत राहीन."

पेन नाही म्हणत तो खिसे चाचपत दाराकडे सरकला. मी खुर्ची ओढली आणि दारातच बसले.